दोन जागांचा दुपट्टा

एसटीत माणूस कसा वागतो यावर मला कोणी बोलायला उभं केलं तर मी पाणीही न पिता दोन तास बोलेन. साकोली ते दिघोरी, सकाळी जायचं आणि संध्याकाळी यायचं, अशी एकोणीस वर्षं मी त्या रस्त्यावर काढली आहेत. दिघोरीच्या एका शाळेत मी कारकून. कोण कुठं चुकतं हे हेरायची डोळ्यांना सवयच लागलेली. पुढच्या सीटवरचा गडी खिडकीबाहेर तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकतो आणि मागच्या खिडकीतला माणूस गाल पुसत बसतो, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. तो मागचा माणूस बहुतेक वेळा मीच होतो.

दारात उभे राहणारे तर माझे खास. आत गाडी अर्धी रिकामी असली तरी हे पायरीवरच लोंबकळणार, आणि चढणाऱ्यानं यांच्या काखेखालून आत शिरायचं. कोणी तांदळाचं चुंगडं मधल्या वाटेत ठेवून वर स्वतः बसतो आणि उतरणाऱ्याला म्हणतो, ओलांडून जा ना. गळती छत्री शेजाऱ्याच्या मांडीला टेकवणारे वेगळे. आता त्यात फोनवाल्यांची भर पडली आहे. एक जण भजन लावतो, दुसरा कुत्र्यामांजरांचे व्हिडिओ, तिसरी बाई मुलीशी फोनवर तोंड पाहत बोलते आणि त्या मुलीला आम्हा सगळ्यांचे चेहरे दाखवते. कानात घालायची ती गोळी बाजारात मिळते, पण ती दुसऱ्यांनी विकत घ्यावी असं प्रत्येकाला वाटतं.

हे सगळं खरं असलं तरी गाडीतला सगळ्यात तापदायक प्रवासी कोण, असं साकोलीच्या स्टँडवर विचारलं असतं तर लोकांनी माझ्याकडं बोट दाखवलं असतं. मी दुपट्टा टाकणारा माणूस होतो.

आमच्याकडं खांद्यावर दुपट्टा असतोच. उन्हात डोक्याला, थंडीत कानाला, आणि स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून आत. ज्याचा दुपट्टा त्याची जागा, हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण तो मोडायची कोणाची हिंमत होत नाही. दारात रेटारेटी चाललेली असते आणि आत सीटवर दुपट्टा निवांत पडलेला असतो. माझी पद्धत ठरलेली होती. गाडी फलाटाला लागायच्या आधीच मी तिच्या बाजूनं पळायचो, उजवीकडची चौथी खिडकी धरायचो आणि दुपट्टा असा झटकून आत सोडायचो की तो लांबच्या लांब दोन्ही जागांवर पसरायचा. एक माझी, एक माझ्या बायकोची. ती दिघोरीतच प्राथमिक शाळेत शिक्षिका होती.

तो दुपट्टाही साधा नव्हता. बायको मोहाडीकडची, हातमागावर बसणाऱ्या घरातली. लग्नात सासऱ्यांनी स्वतः विणलेले दोन दुपट्टे मला दिले होते, पांढरे, वीतभर रुंद तांबड्या काठाचे. मी करडी गावचा, धानाच्या बांधीत वाढलेला. मला तो काठ जरा जास्तच भपकेबाज वाटला होता. पण गाडीत त्याचा उपयोग झाला. तांबडा काठ दिसला की लोक म्हणायचे, राहू दे, बाबूजीचा आहे, उगाच सकाळी सकाळी डोकं खाईल. एखादा नवखा माणूस दुपट्टा बाजूला सारून बसायचा. मग मी त्याला गाडी सुटेपर्यंत नियम समजावून सांगायचो. समजावणं हा माझा शब्द. बायकोचा शब्द भांडण.

"काहून भांडता जी रोज रोज? जागा काय घरी न्यायची आहे का?" ती म्हणायची. मग ती बसायची, डबा मांडीवर ठेवायची, चपला काढून पाय मोकळे करायची. वाटेत सानगडी येईपर्यंत ती माझ्या शेजारी असायची. ते अंतर फार नाही. तेवढ्यात ती भाजीत मीठ कमी पडल्याचं सांगायची, वर्गातल्या कोणत्या पोरीला चष्मा लागणार ते सांगायची, आणि मी पेपर उघडून हं हं करायचो.

सानगडीला गाडी भरायची. बाजाराचा दिवस असला तर विचारूच नका. लोक चढायला लागले की ती मान उंच करून दाराकडं पाहायला लागायची. चढणाऱ्यांचे चेहरे वाचायची ती. कोणाच्या कडेवर मूल, कोणाचा गुडघा धरलेला, कोण रात्रपाळी करून आलेलं. तिची नजर एकावर थांबली की मला कळायचं की माझी सकाळची मेहनत आता गेली. ती उठायची आणि त्या माणसाला हातानं धरून आपल्या जागेवर बसवायची. स्वतः पुढं जाऊन दारापाशी ड्रायव्हरमागच्या उभ्या दांड्याला धरून दिघोरीपर्यंत उभी.

मी चिडायचो. एवढं पळून, लोकांच्या शिव्या खाऊन धरलेली जागा, आणि ही दानधर्म करते. एकदा मी चांगलाच आवाज चढवला. तेव्हा बायकांना अर्ध्या तिकिटाची सवलत नुकतीच लागू झाली होती. ती हसत म्हणाली, "मी अर्ध्या तिकिटाची बाई, पूर्ण जागा कशी अडवू?" आजूबाजूचे हसले. मीही हसलो असतो, पण मला राग पूर्ण करायचा होता.

आणि मी उठत नव्हतो. हे मला आता लिहिताना जड जातं, पण लिहिलं पाहिजे. ती उभी असायची आणि मी बसलेला असायचो. माझं म्हणणं साधं होतं: जागा मी धरली, नियमानं धरली, तर मी का उठू? तिनं दिली ती तिची मर्जी. शेजारी कोणी अनोळखी म्हातारा, कोणाचं रडकं पोर, आणि मी पेपर तोंडासमोर धरून दिघोरीपर्यंत. एवढी वर्षं रोज सकाळी एकाच गाडीत बसून आम्ही नवराबायको खऱ्या अर्थानं शेजारी बसलो ते फक्त सानगडीपर्यंत.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत तर संध्याकाळच्या गाडीतही तेच. गाडी लाखांदूरहून भरून यायची, दिघोरीला बरीच माणसं उतरायची, आणि मी खाली उभा राहूनच खिडकीतून दुपट्टा सोडायचो. दोन फाटे पुढं गेलं की रोवणीच्या बाया चढायच्या. दिवसभर चिखलात वाकून धानाच्या रोपांचे परे लावलेले, लुगडी गुडघ्यापर्यंत ओली, पायाची बोटं पांढरी पडलेली. त्या जागा मागतच नसत. मधल्या वाटेत खालीच बसकण मारत. बायको त्यांतल्या एकीला हमखास उठवून आपल्या जागी बसवायची. ती सानगडीची, पन्नाशी ओलांडलेली, कमरेत किंचित वाकलेली. तिचं नाव मला कधी कळलं नाही. ती बसली की दुपट्ट्याला चिखल लागायचा आणि मी तोंड वाकडं करायचो. बायको म्हणायची, "धुतला का निघते जी." धुवायची तीच, त्यामुळे मला पुढं बोलता येत नसे.

गेल्या दिवाळीनंतर ती गेली. पंधरा दिवसांचं दुखणं. आधी साकोलीत दाखवलं, मग भंडाऱ्याला, मग नागपूर. नागपूरला जाताना गाडी भाड्यानं केली होती. मागच्या सीटवर ती आडवी होती, पाय माझ्या मांडीवर. म्हणाली, "एवढी मोठी गाडी दोघांसाठीच?" त्यानंतर ती फारसं बोलली नाही.

तेरवी झाल्यावर मी कामावर निघालो. स्टँडवर गेलो, गाडी लागली, मी पळालो आणि चौथ्या खिडकीतून दुपट्टा टाकला. हात त्याच्या सवयीनं चालला. आत जाऊन पाहतो तर दुपट्टा दोन्ही जागांवर नीट पसरलेला. गाडीत रोजचेच लोक होते, त्यांतले निम्मे तेरवीला येऊन गेलेले. मी माझ्या जागेवर बसलो आणि दुसऱ्या जागेवरचं टोक तसंच राहू दिलं, आता उचलतो, मग उचलतो करत.

कंडक्टर आला. जुना, आम्हा दोघांना ओळखणारा. मी पैसे पुढं केले आणि म्हणालो, "दिघोरी. एक फुल, एक हाफ."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मशीनची बटणं दाबली आणि एकच तिकीट माझ्या हातात दिलं. मी ते पाहिलं आणि त्याच्यावर डाफरलो. म्हटलं, अर्धं राहिलं. तुमचं लक्ष कुठं असतं? तो तसाच उभा राहिला. मागं कोणाच्या तरी फोनवर गाणं चालू होतं, ते बंद झालं. मग माझ्या लक्षात आलं. त्यानं उरलेले पैसे माझ्या हातात ठेवले, हात क्षणभर तसाच दाबून धरला आणि पुढं सरकला. उतरेपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत बसलो.

त्या दिवसापासून ती जागा रिकामी राहायला लागली. मी रोज दुपट्टा टाकायचो, तो रोज दोन जागांवर पडायचा. एक घडी जास्त घातली असती तर एकाच जागेवर मावला असता. मी घातली नाही. आणि गाडीतल्या माणसांनी, ज्यांना मी एकोणीस वर्षं नावं ठेवत आलो त्याच माणसांनी, ती जागा राखली. सानगडीला गाडी खचाखच भरायची, माणसं एकमेकांच्या पायांवर उभी राहायची, पण तांबड्या काठाला कोणी हात लावत नसे. एखादा नवखा बसायला वाकला की मागून कोणीतरी त्याला खुणेनं थांबवायचं. तो खर्रा थुंकणारा गडीसुद्धा एकाला म्हणाला, तिथं नको, पुढं हो. मला त्याचे आभार मानता आले नाहीत. मी पेपर वाचत असल्याचं दाखवलं.

खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. घरात तिची कपाटं होती, भांडी होती, पण घरात ती कायम काहीतरी करत असायची. माझ्याशेजारी नुसती बसलेली ती मला फक्त या गाडीत मिळायची. ती जागा दुसऱ्याला दिली की तेही संपलं, असं वाटायचं. चुकीचं होतं हे मला कळत होतं. एक पोटुशी बाई माझ्या सीटचा दांडा धरून अर्धा रस्ता उभी होती तेव्हा मला फार कळलं. शेवटी दुसऱ्याच कोणीतरी उठून तिला जागा दिली. मी दुपट्ट्यावर हात ठेवून बसलो होतो. बायकोनं हे पाहिलं असतं तर माझ्याशी आठवडाभर बोलली नसती.

असे सात-आठ महिने गेले. मग रोवणी लागली.

रोजच्या प्रवाशांना माझी गोष्ट माहीत होती. रोवणीच्या बाया मात्र वर्षातून तेवढेच दिवस या गाडीत असतात. त्यांना कोण सांगणार? पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी गाडी फाट्यावर थांबली आणि त्या चढल्या. सानगडीची ती बाईही होती. कंबर आणखी वाकलेली. मला पाहून ओळखीचं हसली, दुपट्ट्याकडं पाहिलं, मग गाडीत पुढं-मागं शोधलं. बसली नाही.

"म्याडम येऊन राहिल्या का जी?" तिनं विचारलं. "येत असन तं मी उभीच रायतो."

मागून कोणी तिला थांबवेल असं वाटलं. पण ह्या वेळी कोणी पुढं झालं नाही. सगळ्यांनी तो प्रश्न माझ्यावर सोडला होता.

"नाही येत," मी म्हणालो. "बसा तुम्ही."

ती म्हणाली की लुगडं ओलं आहे, दुपट्टा खराब होईल. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "धुतला का निघते." ती कडेला अंग चोरून बसली. चिखलाचा आणि ओल्या धानाचा वास आला. करडीला आमच्या घरात या दिवसांत असाच वास असायचा. थोड्या वेळानं तिनं विचारलं, म्याडमला बरं नाही का?

तोवर मला ते कोणाला सांगावं लागलं नव्हतं. फोन भावानं केले होते, शाळेत सहकाऱ्यांनी कळवलं होतं, गावात आपोआप पसरलं होतं. मी स्वतःच्या तोंडानं ते वाक्य बोललोच नव्हतो. त्या बाईला मी सांगितलं, "म्याडम गेल्या. दिवाळी झाल्यावर."

ती पदर तोंडाला लावून समोर पाहत राहिली. सानगडी जवळ यायला लागली तसं तिनं पदर सोडला आणि माझ्याकडं न पाहताच म्हणाली, "मांगच्या साली मी त्यायले पुसलो होतो. रोज आमाले जागा देता, तुमचे बाबूजी रागवत नाही का? तं म्हने, रागवते ना, लय रागवते. पन ते भांडून धरते, म्हनून तं मले देता येते."

मी तिला ते परत सांगायला लावलं. तिनं सांगितलं, शब्द तेच. तेवढ्यात सानगडी आली आणि ती उतरून गेली. दुपट्ट्यावर ओल्या लुगड्याचा डाग होता.

एवढ्या वर्षांत बायको मला हे कधी म्हणाली नाही. मला तिच्याकडून नेहमी एकच ऐकू आलं होतं, काहून भांडता. माझ्या भांडणाचा तिला काही उपयोग होता हे तिनं एका परक्या बाईला सांगितलं आणि मला मात्र सांगितलं नाही. की सांगितलं असेल, आणि मी हं हं केलं असेल? हे आता कोणाला विचारू? साकोली येईपर्यंत मी रडलो. गाडीत, लोकांसमोर. शेजाऱ्याला त्रास होईल असं वागू नये हा माझाच नियम, पण शेजारी कोणी नव्हतं.

घरी येऊन मी दुपट्टा धुतला. डाग पूर्ण निघाला नाही. बायको काय लावायची ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी लागली. मी पळालो, आता धाप लागते, आणि चौथ्या खिडकीतून दुपट्टा सोडला, लांबच्या लांब, दोन जागांवर. एका पोरानं आधीच बूड टेकवलं होतं, त्याला नियम समजावून सांगितला. चांगला आवाज चढवून. मागचे दोघे-तिघे हसले आणि मला बरं वाटलं. कंडक्टर आला, मी एक फुल मागितलं.

सानगडीला मी पेपर बाजूला ठेवला आणि चढणाऱ्यांचे चेहरे पाहायला लागलो. मला ते जमत नाही. ती एका नजरेत ओळखायची, मला तीन-चार चेहरे चुकले. मग एक म्हातारा दिसला, हातात दवाखान्याची पिशवी, आणि त्याच्यामागं त्याची बायको. मी दुपट्टा उचलून खांद्यावर टाकला आणि दोघांनाही बसवलं. म्हातारी खिडकीशी, म्हातारा तिच्या शेजारी.

उभं राहायला जागा नव्हती. सरकत सरकत मी दारापाशी गेलो आणि ड्रायव्हरमागचा तो उभा दांडा धरला, ती धरायची तिथंच, हाताच्या घासण्यानं रंग उडालेला. गाडी सुटली. तोल सावरायला मी मागं वळलो आणि थबकलो. त्या दांड्याला धरून तोल सांभाळायचा तर तोंड मागंच करावं लागतं, आणि उजवीकडची चौथी सीट अगदी समोर येते. मधे काही येत नाही, गाडी कितीही भरलेली असली तरी.

म्हणजे ती रोज सानगडीपासून दिघोरीपर्यंत माझ्याकडंच तोंड करून उभी असायची, आणि मी पेपर धरून बसलेला असायचो.